दुखणे गिऱ्हाईकाचे, औषध कारागिराचे

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. टॉवेल, चादर आणि नॅपकीन याखेरीज आम्हाला फारसे काही कळत नाही, आणि या पानावर आजवर जे चार शब्द लिहिले तेही सुताचा भाव, उधारी आणि जीएसटीची कटकट यांवरच. आज मात्र संगणकावरील एका खेळाविषयी लिहिणार आहोत. वाचकांनी पान उलटू नये. विषय फिरून आपल्या गल्ल्याशीच येणार आहे.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमचा पुतण्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. संध्याकाळी पेढीवर हिशेब उतरवायला येतो आणि अर्धा वेळ त्याची बोटे दुसरीकडेच चाललेली असतात. त्या दिवशी तो तासभर काहीतरी लिहीत होता. विचारले तर म्हणाला, "चाचा, खेळाची तक्रार लिहितोय." खेळ साडेचारशे रुपयांचा, बनवणारा परदेशातला, एकटा माणूस. आम्ही म्हटले, "साडेचारशेच्या मालावर एवढी लांब चिठ्ठी? वाचणार कोण?" तो म्हणाला, "जो बनवतो तोच वाचतो."

आम्हाला हसू आले. पण आठ दिवसांनी त्याने खेळ उघडून दाखवला. खेळात चेंडू कोणत्या दिशेने जाईल हे दाखवणारी एक रेघ असते. पुतण्याची तक्रार अशी होती की रेघ आखूड आहे, नेम चुकतो, रेघ दुप्पट लांब करा. बनवणाऱ्याने रेघ लांब केली नाही. उत्तरात लिहिले की रेघ लांब केली तर नेम धरण्याची मजाच संपेल, पण लहान पडद्यावर ती हिरव्या कापडात मिसळून जाते, हे तुमच्यामुळे लक्षात आले. मग त्याने रेघेचा रंग बदलला आणि ती ठळक केली. पुतण्याने मागितली होती लांब रेघ, मिळाली ठळक रेघ, आणि तक्रार मिटली. त्या रात्री आम्हाला आपल्या धंद्यातील एक जुनी चूक आठवली आणि झोप लागली नाही. ती चूक पुढे सांगतो. आधी हा खेळ समजून घेऊ.

खेळ आहे तरी काय?

बिलियर्डच्या कुळातले टेबल बहुतेकांनी चित्रपटात तरी पाहिले असेल. हिरवे कापड, कडेला भोके, काठीने पांढऱ्या चेंडूला टोला द्यायचा आणि त्याच्या धक्क्याने दुसरे चेंडू भोकात घालायचे. या खेळातही तेच करायचे, फक्त टेबलाच्या जागी भुयार आहे आणि समोरचे चेंडू म्हणजे शत्रू. एक टेबल साफ केले की तीन वस्तूंपैकी एक निवडायची. एखादी वस्तू चेंडू जड करते, एखादी भोक रुंद करते, एखादी एकाचे दोन चेंडू करते. हरलात तर मिळवलेले सगळे जाते आणि पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरुवात. शिवाय दर वेळी मांडणी नवी, म्हणून पाठांतराचा उपयोग नाही.

अशा खेळांना 'रोगलाइक' म्हणतात. नावात रोग असला तरी आजाराशी संबंध नाही. इंग्रजीत रोग म्हणजे लुच्चा, भामटा. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा भुयाराचा खेळ बनवला. त्यातही मेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होती आणि भुयार दर वेळी वेगळे निघे. तेव्हापासून त्या जातीच्या खेळांना ते नाव चिकटले. अलीकडे या जातीला बिलियर्डची जोड देणारे 'रॅक अँड स्ले' आणि 'सबपार पूल' असे खेळ आले आहेत. दुसरा स्वीडनच्या एका कारागिराने २०२३ मध्ये काढला. पत्त्यांवर बेतलेला 'बलाट्रो' २०२४ मध्ये आला आणि महिनाभरात त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. तोही मुळात एकाच माणसाचा उद्योग.

अशा लहान कारागिरांना त्या धंद्यात 'इंडी' म्हणतात. म्हणजे स्वतंत्र, कोणा मोठ्या कंपनीच्या भांडवलाशिवाय काम करणारा. गिरणीसमोर आपला आठ मागांचा कारखानदार जसा, तसा मोठ्या कंपन्यांसमोर हा. म्हणूनच आम्हाला त्याच्यात रस वाटला.

बिलियर्ड आपल्याला अगदी परके नाही. त्याच घराण्यातील स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला असे मानले जाते, आणि त्याचे नियम पुढे उटीच्या क्लबात लिहिले गेले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले. कोणत्याही खेळात जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय. मुंबईचे मायकेल फरेरा आणि यासीन मर्चंट यांची नावेही जुन्या वाचकांना आठवत असतील. यासीन मर्चंट यांनी १९८९ मध्ये स्नूकरचे आशियाई अजिंक्यपद मिळवले होते. पण बिलियर्ड क्लबात राहिले आणि गल्लीत आला तो कॅरम. सोलापूरच्या कोणत्याही पेठेत जा, दिव्याखाली चौघे कॅरमवर वाकलेले दिसतील. तिथेही तक्रारी असतातच. हरलेला मुलगा आधी पावडरीला दोष देतो, मग स्ट्रायकरला, मग पाट वाकडा आहे म्हणतो. आपला नेम चुकला हे तो शेवटी म्हणतो, किंवा म्हणतच नाही. आणि तरीही कधीकधी पाट खरोखरच वाकडा असतो. खेळ बनवणाऱ्यापुढचा पेच नेमका हाच आहे.

तक्रारींच्या तीन जाती

पुतण्याने या जातीच्या खेळांवर खेळाडूंनी लिहिलेल्या शे-दीडशे तक्रारी आम्हाला वाचून दाखवल्या. आम्ही पेढीवर परत आलेला माल जसा वेगळा लावतो, तशा त्या तीन ढिगांत लावल्या.

पहिला ढीग सोयीच्या तक्रारींचा. अक्षरे बारीक आहेत, सगळे चेंडू थांबेपर्यंत वाट पाहावी लागते, आवाज बंद करण्याची कळ सापडत नाही. यात विचार करण्यासारखे काही नाही. गिऱ्हाईक बरोबर असते आणि दुरुस्ती करून टाकायची असते. चादरीची शिवण उसवली तर वाद घालायचा नसतो, तसेच.

दुसरा ढीग नशिबाच्या तक्रारींचा. खेळ बेइमान आहे, मला मुद्दाम वाईट वस्तू देतो, चेंडू भोकाच्या तोंडाशी येऊन मुद्दाम थांबतो. आपल्या नवी मुंबईतील कंपनीने २०१६ मध्ये काढलेला 'लुडो किंग' आज घरोघर खेळला जातो. त्यातही हरलेला माणूस फाशालाच बेइमान म्हणतो. यावर अमेरिकेतील नामवंत खेळकार सिड मायर यांनी २०१० मधील एका व्याख्यानात मोठी मौजेची हकिकत सांगितली. त्यांच्या खेळात लढाईआधी दोन्ही बाजूंचे बळ आकड्यात दिसे. तीनास एक असे बळ असताना चार वेळांतून एकदा हार व्हायचीच, हे साधे गणित आहे. पण खेळाडू चिडत. तीनास एक असताना आम्ही हरलोच कसे, म्हणून तक्रार करीत. उलट स्वतः एकास तीन असताना जिंकले तर मात्र कोणी तक्रार केली नाही! शेवटी मायर यांनी हिशेब माणसाच्या मनाला पटेल असा बदलला. गणित चुकले होते असे नाही, पण माणसाचे मन त्या गणिताने चालत नव्हते. तेव्हा नशिबाची तक्रार खोटी म्हणून फेकूनही देता येत नाही. तिच्या मागे काहीतरी बोचत असते.

तिसरा ढीग सर्वांत अवघड, आणि तो औषध सांगणाऱ्यांचा. रेघ लांब करा, आणखी शंभर वस्तू घाला, सोपे करा, कठीण करा, स्वस्त करा. दहा मिनिटे खेळलेला म्हणतो फार कठीण आहे, शंभर तास खेळलेला म्हणतो फार सोपे आहे. दोघांनीही तेवढेच पैसे मोजलेले असतात. कोणाचे ऐकायचे?

इथे आम्हाला 'स्ले द स्पायर' या खेळाच्या दोघा कारागिरांची रीत फार आवडली. खेळ पुरता तयार होण्याआधीच, नोव्हेंबर २०१७ मध्ये, त्यांनी तो कच्चा आहे असे स्पष्ट सांगून विक्रीला ठेवला आणि जानेवारी २०१९ मध्ये पक्का केला. मधल्या काळात ते खेळाडूंचे म्हणणे वाचत होतेच, पण त्याबरोबर एक हिशेबही ठेवत होते. कोणता पत्ता किती जण उचलतात, आणि तो उचलणारे किती जण जिंकतात. ज्या पत्त्याला लोक नावे ठेवतात पण हात मात्र त्याच्याकडेच जातो, आणि ज्याची स्तुती होते पण जो कोणी घेत नाही, असे दोन्ही प्रकार अशा हिशेबात उघडे पडतात. तोंड काय म्हणते आणि हात काय उचलतो, या दोन्हींची वही वेगवेगळी ठेवली पाहिजे, हे कोणाही कापडवाल्याला पटेल. लग्नसराईत बायका गडद रंगाच्या चादरीचे तोंडभर कौतुक करतात आणि जाताना फिकी घेऊन जातात.

माल परत घेण्याचा प्रश्न

स्टीम ही खेळांची जगातील मोठी बाजारपेठ. बहुतेक इंडी खेळ तिथेच विकले जातात. जून २०१५ मध्ये तिने नियम केला की खेळ विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर कारण न विचारता पैसे परत. तेव्हा लहान कारागीर घाबरले. ज्यांचा खेळ दीड तासातच संपतो त्यांचे काय? गिऱ्हाईक खेळून घेईल आणि पैसेही घेऊन जाईल, अशी भीती होती आणि ती अगदीच पोकळ नव्हती. तरीही त्या बाजारात लहान कारागीर आजही नवे खेळ आणत आहेत. आणि परत करताना गिऱ्हाईक दोन शब्द लिहून गेले तर बनवणाऱ्याला दुखणे कळते.

आपल्याकडे काय? आजही कित्येक दुकानांच्या बिलावर छापलेले असते की एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पण कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी आम्हाला वाटते की ती ओळ छापून आपण स्वतःचाच तोटा करतो. माल परत येत नाही, तशी खबरही परत येत नाही. गिऱ्हाईक मुकाट्याने जाते आणि पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात शिरते.

पुण्याचे एक उदाहरण

परदेशातील कारागिरांच्या गोष्टी पुरे. आपल्या पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहान चमूने 'राजी' नावाचा खेळ बनवला. भारतीय कथा, भारतीय चित्रे. २०१७ मध्ये त्यांनी नमुना लोकांपुढे ठेवून खेळाडूंकडूनच वर्गणी मागितली. ठरलेली रक्कम जमली नाही. पुढे संस्थापकांपैकी एका बाईंनी स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवले. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ आला. चित्रांची आणि कथेच्या मातीची वाहवा झाली, त्या वर्षीच्या जगप्रसिद्ध 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी नामांकनही मिळाले. पण त्याबरोबर तक्रारीही आल्या. लढाई अडखळते, खेळ लवकर संपतो, शेवट अर्धवट वाटतो.

आता विचार करा. घर विकून बनवलेल्या मालाला कोणी नाव ठेवले तर आपण काय म्हटले असते? "आम्ही कोणत्या हालात बनवले ते तुम्हाला काय ठाऊक!" हे म्हणण्याचा त्यांना हक्क होता. पण २०२२ मध्ये त्यांनी सुधारित आवृत्ती काढली. त्यात लढाई सफाईदार केली आणि सबंध खेळाला हिंदी संवाद दिले. ज्या चित्रांचे कौतुक झाले होते तो आपला बाज त्यांनी सोडला नाही. गिऱ्हाईकाला आपले हाल दिसत नाहीत, माल दिसतो. हे कडू आहे, पण धंदा याच कडूपणावर चालतो.

आमची चूक

आता ती जुनी चूक सांगतो, जिच्यामुळे हे सगळे लिहायला बसलो.

हुबळीकडील एक व्यापारी आमच्याकडून लॉजसाठी टॉवेल नेत असे. जुना, सचोटीचा माणूस. एकदा त्याने कळवले की टॉवेल पाणी शोषत नाही, अंगावरून नुसता घसरतो, तेव्हा जाड माल द्या. आम्ही साखर पेठेतील आमच्या कारखानदाराला सांगितले, वजन वाढवा. त्याने वाढवले. सूत जास्त लागले, भाव चढला. तक्रार मात्र तशीच राहिली. व्यापाऱ्याने मग बिलातून पाच टक्के कापले. आम्ही काय केले? तेच पाच टक्के 'क्वालिटी' असे लिहून कारखानदाराच्या बिलातून कापले. पुढच्या खेपेला पुन्हा तसेच. हे दोन वर्षे चालले. नंतर तो व्यापारी दुसरीकडून माल घेऊ लागला आणि आमच्या कारखानदाराने चौदा मागांपैकी सहा बंद केले. सहा माग बंद म्हणजे किती चुली, ते सोलापुरात सांगायला नको.

खरे कारण आम्हाला फार उशिरा कळले, आणि तेही एका लॉजवर चादरी बदलणाऱ्या पोराकडून. तो सहज म्हणाला, "नवा टॉवेल पहिले चार दिवस बेकार, चार वेळा धुतला की मस्त." म्हणजे टॉवेलच्या सुतात दोष नव्हता, विणीत नव्हता, वजनात तर नव्हताच. दोष होता शेवटच्या धुलाईत दिलेल्या सॉफ्टनरमध्ये. सॉफ्टनरचा थर बसला की टॉवेल हाताला लोण्यासारखा मऊ लागतो, पण पाणी धरत नाही. धुण्यात थर निघून गेला की तो पाणी पिऊ लागतो. आणि हा सॉफ्टनर जास्त मारा असे प्रोसेसवाल्याला सांगितले होते कोणी? आम्हीच. कारण पेढीवर माल पसंत करताना आम्ही टॉवेल पाण्यात बुडवत नाही, गालाला लावून पाहतो.

सॉफ्टनर निम्मा केला असता तर खर्च वाढण्याऐवजी कमी झाला असता. व्यापारी टिकला असता. सहा माग चालले असते. गिऱ्हाईकाने दुखणे अगदी बरोबर सांगितले होते की पाणी शोषत नाही. औषध चुकीचे सांगितले होते की जाड करा. आम्ही दुखणे सोडून दिले आणि औषध तेवढे पुढे पाठवले.

पण त्याहून मोठी चूक वेगळीच. लॉजमधला पाहुणा, लॉजचा मॅनेजर, हुबळीचा व्यापारी, आम्ही, कारखानदार आणि प्रोसेसवाला, अशा सहा हातांतून ती तक्रार जाणार होती. ती आमच्यापर्यंत आली आणि आम्ही तिचे पैसे केले. तक्रारीच्या जागी पुढे गेली ती नुसती पाच टक्क्यांची कपात. गेल्या महिन्यात त्या कारखानदाराच्या घरी जाऊन आम्ही हे सगळे सांगितले. चहा पिता पिता तो शांतपणे म्हणाला, "सेठ, कापलेले पैसे कळले. का कापले ते कधी कळलं नाही. मी दोन वर्षं सूत बदलत बसलो."

संगणकाच्या खेळात मध्ये कोणी नाही. पुतण्याची चिठ्ठी थेट बनवणाऱ्याच्या हातात पडली. आपल्या बाजारात मध्ये आम्ही आहोत. मधल्या माणसाने पोट भरू नये असे आमचे म्हणणे नाही, आमचे स्वतःचे पोट त्यावरच आहे. पण मधला माणूस मालाबरोबर खबरही पोचवत नसेल, तर त्याच्याशिवाय भागवायला लोक शिकतील, आणि मोबाईलच्या जमान्यात ते शिकतही आहेत.

काय ऐकू नये?

गिऱ्हाईकाचे सगळेच ऐकावे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. 'बलाट्रो'मध्ये पत्ते पोकरचे असले तरी पैशाचा डाव नाही. खेळ एका किमतीला घ्यायचा, पुढे काही लावायचे नाही आणि काही जिंकायचे नाही. तरीही युरोपच्या मानांकन संस्थेने त्याला आधी अठरा वर्षांवरील ठरवले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते बारा वर्षांवर आणले. त्याच्या कर्त्याने तर आपल्या मृत्युपत्रात लिहून ठेवल्याचे सांगितले आहे की हा खेळ कधीही जुगाराच्या कंपनीला विकला वा वापरायला दिला जाऊ नये. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्याआधी किती घरांतील पगार त्यात बुडाले, हे आपल्या मोहल्ल्यांनाही ठाऊक आहे. त्या खेळांनाही गिऱ्हाईक होते, आणि ते आणखी मागतच होते. मागणी आहे म्हणून पुरवठा करावा, हा नियम सगळीकडे लागू होत नाही.

आमच्या धंद्यातही असे एक मागणे रोज येते. "सोलापुरी चादर द्या, पण निम्म्या भावात द्या." ते मागणे पुरे करायचे तर बाहेरगावचा छापील, कृत्रिम धाग्याचा माल आणून त्यावर सोलापूरचे लेबल लावावे लागते. हे कोणी करीत नाही असे म्हणणारा बाजार फिरलेला नाही. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक निर्देशन मिळून वीस वर्षे होत आली. ते कागद कपाटात ठेवून लेबल रस्त्यावर विकले तर आपल्या नावाची किंमत आपणच उतरवली. इथे गिऱ्हाईकाला नम्रपणे नाही म्हणावे, आणि स्वस्त हवी असेल तर स्वस्त म्हणूनच वेगळ्या नावाने द्यावी. खेळकाराने रेघ लांब करायला नकार दिला, तसेच हे आहे.

खोट्या स्तुतीचेही तेच. आपली तरुण मुले आता मोबाईलवर चादरी विकतात आणि तिथे गिऱ्हाईक तारे देते. चार नातेवाइकांकडून पाच-पाच तारे देववण्याची युक्ती सर्वांना सुचते. सरकारच्या मानक ब्यूरोने २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी एक मानक काढले आहे, आयएस १९००० या क्रमांकाचे. काढले तेव्हा ते ऐच्छिक होते. पण मानक असो वा नसो, विकत घेतलेल्या स्तुतीतून माल सुधारत नाही. गालाला लावून पाहिलेल्या टॉवेलसारखीच ती, मऊ आणि बिनकामाची.

तीन साध्या गोष्टी

उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. स्वतः सुरू केलेल्या तीन गोष्टी तेवढ्या सांगतो.

एक, पेढीवर तक्रारीची वेगळी वही ठेवली आहे. दोन रकाने. पहिल्यात गिऱ्हाईकाचे दुखणे त्याच्याच शब्दांत, दुसऱ्यात त्याने सुचवलेले औषध. पहिला रकाना जसाच्या तसा कारखानदाराला वाचून दाखवतो. दुसऱ्यावर त्याच्याशी बसून बोलतो.

दोन, कारण सांगितल्याशिवाय आणि मालाचा तुकडा हातात दिल्याशिवाय कोणाच्याही बिलातून एक पैसा कापत नाही. याने आमचे नुकसान होते का? पहिल्या तिमाहीत झाले. आता कापण्याचे प्रसंगच कमी येतात.

तीन, माल पसंत करताना पेढीवर पाण्याची बादली ठेवली आहे. टॉवेल आधी बादलीत, मग गालाला. शेजारचे व्यापारी हसतात. हसू द्यावे.

बंद पडलेले सहा माग काही पुन्हा सुरू झाले नाहीत. त्यातले दोन भंगारात गेले. उरलेल्या आठ मागांवर मात्र सध्या आमचाच माल विणला जात आहे, आणि हुबळीच्या त्या व्यापाऱ्याला आम्ही कमी सॉफ्टनरचे बारा टॉवेल नमुना म्हणून पाठवले आहेत. उत्तर अजून आलेले नाही. त्याला न येण्याचाही हक्क आहे.

पुतण्याला हा लेख वाचून दाखवला. तो म्हणाला, "चाचा, लांब झालाय." कुठे लांब झालाय, असे आम्ही विचारले, तर त्याला नीट सांगता येईना. म्हणजे दुखणे खरे असावे. वाचकांना नेमकी जागा दिसली तर त्यांनी या पानाच्या पत्त्यावर जरूर कळवावे. धंदेवाईक बांधवांनी आपल्याकडे परत आलेल्या मालाच्या हकिकतीही लिहाव्यात. आम्ही त्या वहीत उतरवून घेऊ.